मांडीचा व्यायाम केला म्हणजे मांडीचीच चरबी जाते?

‘रोज शंभर वेळा पाय उचला, मांड्या बारीक होतील.’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय. पण स्नायू शेजारच्या चरबीतून थेट इंधन घेत नाही. शरीर ठिकठिकाणची चरबी मोडून रक्तात सोडतं आणि स्नायू ती तिथून उचलतो. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळणारा हात जाड होता, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच!

चरबी कुठे साठणार हे बरंचसं अनुवंशिकता आणि हार्मोन्स ठरवतात. बायकांच्या मांड्या-नितंबांवर ती जास्त साठते, ती इस्ट्रोजेनमुळे, आळसामुळे नव्हे. शिवाय ही चरबी पोटातल्या चरबीपेक्षा हृदयाला कमी त्रासदायक असते. हे मात्र कुणी सांगत नाही.

मग स्क्वॉट्स सोडायचे? मुळीच नाही. जिने चढताना गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचाच असतो. मात्र दोन्ही पाय सारखेच जाड, दुखरे, जरा लागलं की काळेनिळे आणि पावलं तेवढी बारीक असतील, तर लिपेडेमा, म्हणजे पायांत चरबी साठण्याचा आजार, असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.