टाकीला बारीक भोक पडलंय? वेल्डिंग मारून भागत नाही

जुना एअर कॉम्प्रेसर घेताना हे हमखास ऐकायला मिळतं, "टाकीला बारीकसं भोक आहे, वेल्डिंगचा एक टाका मारा, वर्षानुवर्षं चालेल, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आहेच की". हे चुकीचं आहे आणि जिवावर बेतू शकतं.

हवा दाबली की तिच्यातली वाफ थंड होऊन पाणी होतं आणि ते टाकीच्या तळाशी साचतं, रोज काढलं नाही तर पत्रा आतून गंजत जातो, बाहेरचा रंग मात्र चकाचक. भोक दिसलं म्हणजे तिथे गंज आरपार आलाय, पण आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असतो, आणि अशा पत्र्यावर टाका मारला की तो आणखी कमजोर होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह फक्त जास्तीचा दाब सोडतो, पातळ झालेली टाकी तर नेहमीच्या 8 बार दाबालाही फुटू शकते, तेव्हा व्हॉल्व्ह काय करणार?

म्हणून घेण्याआधी दाब पूर्ण उतरवून खालचा ड्रेन कॉक, म्हणजे साचलेलं पाणी काढायचा नळ, उघडा. तांबूस पाण्याबरोबर गंजाच्या खपल्या पडल्या तर टाकी सोडून द्या. शंका असेल तर हायड्रो टेस्ट करून घ्या, त्यात टाकी काठोकाठ पाण्याने भरून नेहमीच्या साधारण दीडपट दाब देतात, पाणी फारसं दबत नाही त्यामुळे टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. हवेने टेस्ट करायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

बाकी पंपातल्या रिंग, गॅस्केट, हेडमधल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या, हे सगळं बदलता येतं. पंप आणि मोटर चांगली असेल तर दुसऱ्या चांगल्या टाकीवर बसवा.