टर्बोचार्जरपासून जेट इंजिन

ट्रक किंवा अन्य मोठ्या डिझेल इंजिनाच्या जुन्या टर्बोचार्जरला बाहेरून ज्वलनकक्ष जोडून घरच्या गॅरेजात बनवलेले छोटे वायुटर्बाइन. टर्बोत कॉम्प्रेसर (हवा दाबणारे) आणि टर्बाइन (तापलेल्या वायूने फिरणारे) ही दोन्ही चाके एकाच दांड्यावर, समतोल साधून बसवलेली असतात. मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेणारा हा जोड घरी घडवणे फार अवघड. कुर्ट श्रेक्लिंग या जर्मन छांदिष्टाने प्लायवूड व कार्बन तंतूंचे कॉम्प्रेसर चाक बनवून ते साधले होते. टर्बोमुळे ते काम वाचते.

खरी मेहनत ज्वालानळीत, म्हणजे ज्वलनकक्षातील भोके पाडलेल्या नळीत आहे. टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाचा व्यास 50 मिमी असेल, तर स्टेनलेस स्टीलची नळी साधारण दुप्पट रुंद (100 मिमी) आणि सहापट लांब (300 मिमी) घेतात. भोकांचे एकूण क्षेत्रफळ त्या तोंडाइतके, म्हणजे सुमारे 1,960 चौ.मिमी ठेवतात. पैकी 30 टक्के ज्योतीच्या मुळाशी (5 मिमीची 30 भोके), 20 टक्के मध्ये (8 मिमीची 8) आणि उरलेले टोकाकडे (12 मिमीची 9). टोकाची हवा वायू थंड करते. मुळाशी भोके जास्त झाली की ज्योत विझते. टोकाकडे कमी पडली की ती टर्बाइनपर्यंत पोचून पाती जाळते. टर्बोला वेस्टगेट (वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) असेल तर ते पक्के बंद करावे लागते.

तेलाकडे दुर्लक्ष हे टर्बो निकामी होण्याचे नेहमीचे कारण. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून विजेवरचा पंप आधी सुरू करून सुमारे 3 बार दाब आल्याशिवाय चाक फिरवू नये. परतीची नळी जाड आणि सरळ खाली उतरणारी हवी. ती तुंबली की तेल टर्बाइनच्या बाजूने गळते आणि पांढरा धूर निघतो.

सुरू करताना ब्लोअरने हवा देतात, स्पार्क प्लग चालू करतात आणि मग एलपीजी हळूहळू सोडतात. वेग येण्याआधीच गॅस वाढवला तर तापमान चढते, फेरे मात्र वाढत नाहीत. टर्बाइनमागे तापमापक हवाच. तेथे 700 अंश सेल्सिअस ओलांडू देऊ नयेत. वायू बाहेर सोडणारा मागचा नॉझल फार अरुंद असल्यास इंजिन धापा टाकल्यासारखे ठोके देते. द्रव इंधनात वेगळा धोका असतो: एप्रिल 1937 मध्ये ब्रिटिश जेट-संशोधक फ्रँक व्हिटल यांचे पहिले इंजिन झडप बंद केल्यावरही वेग घेत राहिले, कारण आत इंधन साचले होते. चाकांच्या फिरण्याच्या रेषेत कधीच उभे राहू नये. चाक फुटले तर तुकडे त्याच दिशेने उडतात.

बंद केल्यावरही ब्लोअर आणि तेलपंप काही मिनिटे चालू ठेवतात, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये तेलाचा कोळसा होतो.