नाताळ नेमका कुणाचा? एका तारखेची आणि एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

डिसेंबर उजाडला की दोन गोष्टी ठरलेल्या. दुकानांबाहेर कागदी चांदण्या लटकायला लागतात आणि मोबाईलवर तो मेसेज फिरायला लागतो: नाताळ मुळात ख्रिस्ती सण नाहीच, तो रोमन सूर्यदेवाचा वाढदिवस आहे. हा मेसेज पुढे ढकलणारे दोन प्रकारचे असतात. काहींना ख्रिस्ती धर्माची जरा जिरवायची असते. बाकीचे स्वतःच ख्रिस्ती असतात, अगदी निष्ठावान, आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, हा सण पाळूच नये असं मनापासून मानणारे. गंमत म्हणजे पहिल्यांच्या हातातला मजकूर बहुतेक वेळा दुसऱ्यांच्याच पूर्वजांनी लिहिलेला असतो.

आधी शब्द पाहू. ‘नाताळ’ आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘नाताल’वरून आला आणि तो लॅटिन ‘नातालिस’वरून, म्हणजे जन्मदिवस. या ‘नातालिस’चं आद्याक्षर रोममध्ये इ. स. ३५४ साली सजलेल्या एका पोथीत २५ डिसेंबरसमोर लिहिलेलं आहे. वादाचं मूळ तिथे आहे.

ही पोथी म्हणजे एक पंचांगच. व्हॅलेंटिनस नावाच्या श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी फिलोकॅलस या सुलेखनकाराने ते तयार केलं. मूळ प्रत हरवली, नंतरच्या नकलांवरून ती आपल्याला ठाऊक आहे. तिच्यात सरकारी सणवार आहेत, पदाधिकाऱ्यांच्या याद्या आहेत आणि ख्रिस्ती हुतात्म्यांचे स्मरणदिनही आहेत. सणांच्या यादीत २५ डिसेंबरला नोंद आहे: अजिंक्याचा जन्मदिवस, रथांच्या शर्यती तीस. अजिंक्य कोण, ते लिहिलेलं नाही, पण तो सूर्य, ‘सोल इन्विक्टस’, असंच बहुतेक जण मानतात. त्याच पोथीत हुतात्म्यांच्या यादीच्या अगदी डोक्यावर, त्याच तारखेला, दुसरी नोंद आहे: यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. एकाच बांधणीत दोघांचे वाढदिवस! यादीतल्या नावांच्या क्रमावरून ही दुसरी नोंद ३३६च्या सुमाराची असावी, असं अभ्यासक धरतात.

मग कुणी कुणाचा दिवस घेतला? नेहमीचं उत्तर असं की सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये सूर्याचं भव्य मंदिर उभारलं, २५ डिसेंबर हा त्याचा सण ठरला आणि पुढे चर्चने तो आपला केला. ऐकायला सरळ वाटतं. पण ऑरेलियनने हीच तारीख ठरवल्याचा समकालीन पुरावा नाही. सूर्याच्या नावाने होणारे मोठे खेळ त्याच पोथीत ऑक्टोबरमध्ये दिलेले आहेत. २५ डिसेंबरच्या सूर्योत्सवाची सर्वांत जुनी नोंद हीच, ३५४ची. म्हणजे ख्रिस्तजन्माची नोंद निदान तितकीच जुनी आहे. स्टीव्हन हायमन्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलंय, पण ते मेसेजमध्ये येत नाही.

मेसेजमधले बाकीचे दोन दावे, नाताळ म्हणजे सॅटर्नेलिया आणि नाताळ म्हणजे मिथ्र देवाचा जन्मदिवस, पटकन उरकू. सॅटर्नेलिया हा रोमनांचा धमाल सण होता. मालक गुलामांना वाढायचे, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट द्यायचे. धाकट्या प्लिनीने तर त्या दंग्यापासून सुटका म्हणून समुद्राकाठच्या बंगल्यात वेगळी खोली बांधून घेतली होती. पण तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २३च्या आसपास आटपायचा. आणि मिथ्र देव २५ डिसेंबरला जन्मला, याला एकही प्राचीन आधार नाही. त्याच्या शिल्पांत तो खडकातून बाहेर पडताना दिसतो, पण खडकावर तारीख कोरलेली नाही.

२५ डिसेंबरपर्यंत पोचायची दुसरी वाट गणिताची आहे. इ. स. २००च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च दिली. ज्या दिवशी तो वारला त्याच दिवशी तो मातेच्या उदरात आला, अशी एक समजूत होती. धर्मगुरू ऑगस्टीनने ती ४००च्या सुमारास स्पष्ट लिहून ठेवली आहे. २५ मार्चला नऊ महिने जोडा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत. तिथे नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येतो, आणि आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच ख्रिस्तजन्म पाळतं. मला स्वतःला ही वाट जास्त पटते, कारण ती दोन्ही तारखांचा उलगडा एकदमच करते. अर्थात सूर्य इथूनही पूर्ण सुटत नाही. रोमन पंचांगात २५ मार्च हा वसंतसंपात होता आणि २५ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. आकाशात तो दिवस एव्हाना तीन-चार दिवस अलीकडे सरकला होता, पंचांगात मात्र जागच्या जागी होता. मकरसंक्रांत १४ जानेवारीला करून उत्तरायण सुरू झालं म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

खरं तर पहिल्या दोन-अडीचशे वर्षांत ख्रिस्ती लोकांना या वाढदिवसाची विशेष फिकीर नव्हती. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत जन्मकथा आहेत, तारीख नाही. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट इ. स. २००च्या आसपास सांगतो की काही जण हा जन्म एप्रिलमध्ये धरतात, काही मे महिन्यात. या असल्या हिशेबांबद्दल त्याला फारसा आदर नसावा. ओरिजेन या दुसऱ्या ख्रिस्ती लेखकाने तर झटकूनच टाकलं: शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे कोण, तर फारो आणि हेरोद. आजचे नाताळविरोधक हा मुद्दा अजून वापरतात.

चौथ्या शतकात मात्र सण झपाट्याने पसरला. ३८६ साली अंत्युखिया शहरात धर्मगुरू योहान क्रिसोस्टम लोकांना समजावतो की हा दिवस आपल्याकडे येऊन दहा वर्षंही झालेली नाहीत, तो पश्चिमेकडून आला. आणि सूर्याशी असलेली जवळीक तेव्हाच्या धर्मगुरूंना दिसत नव्हती असं मुळीच नाही. ऑगस्टीन बजावतो की हा दिवस सूर्यासाठी नव्हे, सूर्य घडवणाऱ्यासाठी पाळा. ४५०च्या सुमारास पोप लिओ वैतागून सांगतो की काही ख्रिस्ती रोमच्या सेंट पीटर चर्चच्या पायऱ्या चढून वर जातात आणि आत शिरण्यापूर्वी मागे वळून उगवत्या सूर्यापुढे मान लववतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात पायऱ्यांवर पाठमोरी उभी असलेली ती माणसं मला फार ओळखीची वाटतात.

तारीख उसनी घेतली की नाही यावर वाद घालता येतो. चालीरीती सामावून घेण्याचं धोरण मात्र उघड होतं आणि लेखी होतं. ६०१ साली पोप ग्रेगरीने इंग्लंडला निघालेल्या मेलिटसला पत्र पाठवलं: मूर्ती मोडा, देवळं मोडू नका. तीर्थ शिंपडून तिथेच वेदी उभारा. लोकांना बैल कापायची सवय आहे, तर कापू द्या, पण देवाच्या स्तुतीसाठी आणि आपल्या जेवणासाठी. उंच जागी चढणारा पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही. दहाव्या शतकात नॉर्वेचा राजा हाकोन याने तिथला मध्यहिवाळ्यातला ‘यूल’ नाताळच्या दिवशी आणून बसवला, असं तिथल्या बखरी सांगतात. उत्तरेकडे नाताळला आजही यूलच म्हणतात. सजवलेलं झाड मात्र लोक समजतात तितकं प्राचीन नाही. १६०५ सालच्या स्ट्रासबुर्गच्या एका वर्णनात घराच्या खोलीत उभ्या केलेल्या झाडावर कागदी गुलाब आणि सफरचंदं आहेत. सफरचंद कशाला? २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस होता आणि त्या दिवशीच्या नाटकांत एदेन बागेतलं झाड लागायचं.

आता खरं भांडण. ‘नाताळ मूर्तिपूजकांचा सण आहे’ हा आरोप जोरात आणि सातत्याने कुणी केला, तर कडव्या प्रोटेस्टंटांनी. त्यांचं लक्ष्य सूर्यदेव नव्हता, रोमचा पोप होता. जे बायबलमध्ये सांगितलेलं नाही ते उपासनेत नको, हा त्यांचा नियम. स्कॉटलंडच्या चर्चने १५६०मध्येच नाताळ काढून टाकला. इंग्लंडच्या संसदेने १६४७मध्ये त्यावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या नाताळला कँटरबरीत दुकानं उघडी ठेवायचा हुकूम निघाला तेव्हा लोकांनी दुकानांची नासधूस केली, दारांवर हिरव्या फांद्या लावल्या आणि रस्त्यात फुटबॉल खेळले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. तो कायदा १६८१पर्यंत होता.

त्याआधीचा एक प्रसंग विल्यम ब्रॅडफर्डने स्वतः लिहून ठेवला आहे. १६२१ सालचा नाताळ, अमेरिकेतली प्लिमथची वसाहत. गव्हर्नर ब्रॅडफर्ड रोजच्यासारखा सगळ्यांना कामावर बोलावतो. नुकतीच जहाजाने आलेली काही माणसं म्हणतात, आज काम करणं आमच्या विवेकाला पटत नाही. ठीक आहे म्हणून तो बाकीच्यांना घेऊन जातो. दुपारी परत येतो तर ही मंडळी रस्त्यात खेळतायत. कुणी लोखंडी दांडा फेकतंय, कुणी चेंडू. ब्रॅडफर्ड त्यांचं खेळाचं सामान काढून घेतो आणि सांगतो, बाकीचे राबत असताना तुम्ही खेळावं हे माझ्या विवेकाला पटत नाही. प्रार्थना करायची असेल तर घरात बसा. गव्हर्नर होता, त्याचा विवेक वरचढ ठरणारच.

१६८७ साली बॉस्टनचा धर्मगुरू इन्क्रीज मेदर याने ते वाक्य लिहिलं, जे आज वेगवेगळ्या भाषांत फिरतंय: ख्रिस्त डिसेंबरात जन्मला म्हणून नव्हे, रोममध्ये तेव्हा सॅटर्नेलिया चालत असे म्हणून ही तारीख निवडली गेली. १८व्या शतकात जर्मन पंडित याब्लोन्स्की याने सॅटर्नेलियाच्या जागी अजिंक्य सूर्य आणला. १८५३मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाळक अलेक्झांडर हिस्लॉप याने रोमन चर्च म्हणजे जुनं बाबेल (बॅबिलोन) हे ठरवायला एक पुस्तिका काढली आणि नाताळचं नातं निम्रोद राजा, सेमिरामिस राणी व तम्मूज देव यांच्याशी जोडलं. त्या जोडणीला बाबेलच्या लेखांत आधार नाही, पण निम्रोदाचं नाव आलेला कुठलाही मेसेज उलगडत गेलात तर बहुधा हिस्लॉपपाशीच पोचाल. यहोवाचे साक्षीदार १९२६पर्यंत नाताळ करत होते, मग त्यांनी तो सोडला, याच धर्तीच्या कारणांनी.

बायबल दोन्ही बाजूंच्या हाताशी आहे. विरोधक यिर्मयाच्या दहाव्या अध्यायातलं रानातून तोडलेलं आणि सोन्यारुप्याने मढवलेलं झाड पुढे करतात. तिथे विषय लाकडातून मूर्ती घडवण्याचा आहे, सुताराच्या हत्यारासकट, त्यामुळे हा पुरावा लंगडा आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा बारावा अध्याय जास्त वजनदार: ही राष्ट्रं आपल्या देवांची सेवा कशी करत याची चौकशी करून तसं माझ्यासाठी करू नका. बाजूने बोलणारे रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तिथे पौल म्हणतो की कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, ज्याची त्याने खात्री करून घ्यावी. शिवाय योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू हिवाळ्यातल्या एका सणाला यरुशलेमात दिसतो, आणि तो सण मोशेच्या नियमशास्त्रात कुठेच नाही. मूळ परकं म्हणून सोडायचं ठरवलं, तर मराठी मंडळीला सगळ्यात आधी रविवार सोडावा लागेल. तो तर नावानेच सूर्याचा. क्वेकर या प्रोटेस्टंट पंथाने खरोखरच वारांची नावं टाकून पहिला दिवस, दुसरा दिवस असं मोजायला सुरुवात केली होती, आणि नाताळही ते पाळत नसत. त्यांचं म्हणणं निदान सुसंगत तरी होतं.

हा वाद आपल्या दारात यायचं आणखी एक कारण आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. १८१३च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. पुढे त्याच मिशनने अहमदनगरला बस्तान बसवलं. ही माणसं न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सकडच्या, प्युरिटन परंपरेतली, त्याच कडव्या प्रोटेस्टंटांच्या. तिथल्या बहुतेक चर्चमध्ये तेव्हा नाताळ नव्हताच, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला कायदेशीर सुट्टी मिळायला १८५६ उजाडलं. १८२९ साली आलेले विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन स्कॉटलंडचे, जिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८पर्यंत नव्हती. म्हणजे मराठीत प्रोटेस्टंट धर्म आणणाऱ्या दोन मोठ्या मिशनांचं माहेरच नाताळ न करणारं.

कोकणपट्टीवर आणि गोव्यात तो पोर्तुगिजांबरोबर कधीच येऊन रुळला होता, आणि तिथे ग्रेगरीचा प्रश्न, जुन्या चालीरीती सामावून घ्यायच्या की मोडायच्या, नव्याने उभा राहिला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने उत्तर मराठीत दिलं. जुनी पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्याने ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली आणि १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातल्या राशोल येथे छापलं. पुराण हा शब्द, तो छंद, सगळं इथलंच. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, नेमकं उलटं टोक गाठलं. ख्रिस्ती झालेल्यांच्या घरची तुळस, लग्नातली गाणी, पानसुपारी या सगळ्यांवर त्यांच्या फर्मानाने बंदी आणली.

नेवरी मात्र टिकली. आपली करंजीच ती, तोच अर्धचंद्र, तीच मुरड. गोव्यात चवथीला ती हिंदू घरातून ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते, आणि नाताळला बेबिंका-दोदोल या गोड पदार्थांच्या शेजारी ताटात बसून परत येते.