कवळाण्याच्या गोपाळचा राजा कसा झाला?

नेतृत्व उपजत असतं की घडवावं लागतं, या वादात दोन्ही बाजूंना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आपलेच वाटतात.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, काशीराव या शेतकऱ्याच्या घरी गोपाळचा जन्म झाला. बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. तिकडे बडोद्यात राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरवर विषप्रयोग केल्याचा आरोप आला. चौकशी आयोगात मतं फुटली, तरी १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं आणि आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा दिली.

गायकवाडांच्या दूरच्या शाखेतली मुलं बडोद्याला आणली गेली. ‘कशाला आलास?’ या प्रश्नावर गोपाळ म्हणाला, ‘राज्य करायला.’ ही आख्यायिका उपजतवाल्यांची लाडकी आहे. पुढे राजा निकामी निघाला असता, तर हेच उत्तर आगाऊपणा म्हणून विसरलं गेलं असतं, असं मला वाटतं. शिवाय रक्ताचं नातं होतं म्हणूनच तो त्या दरबारात उभा होता. गावातल्या दुसऱ्या एखाद्या हुशार पोराला कुणी बोलावलंच नसतं.

गोपाळ दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. खरी कहाणी त्यानंतरची. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली मुळाक्षरांपासून सुरुवात झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकायच्या होत्या. दिवाण सर टी. माधवराव यांनी तर १८८१ मध्ये कारभारावर व्याख्यानमालाच दिली. राजाने काय करावं यापेक्षा कशात हात घालू नये, हे शिकवण्याची दिवाणांची हौस दांडगी असावी. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठराव्या वर्षी सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात केला. साऱ्या संस्थानात तो लागू व्हायला १९०६ उजाडलं. तेरा वर्षं! अंतःप्रेरणेने झटपट फर्मान काढणाऱ्याची ही चाल नव्हे.

पण सगळं श्रेय शाळेलाही देता येत नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांनी पंचम जॉर्जला एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते परतले. एलियटच्या अभ्यासक्रमात हा धडा नक्कीच नव्हता. इंग्रजी वृत्तपत्रं खवळली, तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंग यांना त्यांनी दिलगिरीचं पत्रही धाडलं.