हरणाऱ्याचा हिशेब

रत्नागिरीत पाहुणे आले की संध्याकाळी त्यांना थिबा पॉइंटवर न्यायचं, हा रिवाजच. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा इथल्या राजवाड्यात नजरकैदेत होता, हे ऐकून ते मान डोलावतात आणि विषय हापूसच्या भावाकडे वळतो. थिबा १९१६ मध्ये इथेच वारला. त्याच्या देशाने मात्र पुढे फार हेलकावे खाल्ले. १९४८ ला स्वातंत्र्य, १९६२ ला लष्करी राजवट. १९९० ला निवडणूक घेतली, पण लष्कराला नको तो पक्ष जिंकला म्हणून निकालच गुंडाळला. २०१५ च्या निवडणुकीनंतर सत्ता थोडी सैल सोडली आणि १ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा मुठीत घेतली.

तिथे निवडणुकीचा निकाल टिकत का नाही? ‘तिथल्या लोकांना लोकशाही झेपत नाही’ हे उत्तर सोपं आहे, आणि चुकीचं. १९९० ला लोकांनी मत स्पष्टच दिलं होतं. राज्यशास्त्रज्ञ अ‍ॅडम प्शेव्होर्स्की जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्याकडे बघतात. हरल्यावर त्याचं किती जातं? आपल्याकडे ग्रामपंचायतीत पडलेला उमेदवार चार दिवस तोंड लपवतो, पण त्याची आंब्याची कलमं कुणी तोडून नेत नाही. पाच वर्षांनी तो पुन्हा उभा राहतो. म्यानमारच्या सेनापतींकडे बँक आहे, जेड या मौल्यवान हिरव्या दगडाच्या खाणींत वाटा आहे, २००८ च्या घटनेने दिलेल्या संसदेतल्या पाव जागा आहेत, आणि जुन्या अत्याचारांचा जाब कोणी विचारेल ही धास्तीही. एवढं पणाला लागलं की निकाल मानण्यापेक्षा रणगाडे काढणं परवडतं.

पैशाचाही संबंध आहे. प्शेव्होर्स्कींनी १९५० ते १९९० ची आकडेवारी तपासली, तेव्हा १९७५ च्या अर्जेंटिनापेक्षा जास्त दरडोई उत्पन्न असलेल्या एकाही देशात लोकशाही मोडलेली दिसली नाही. बहुधा श्रीमंत देशात सत्ता गेली तरी पोट भरतं. आपण तेव्हा त्या रेषेच्या कितीतरी खाली होतो.

तरी १९७७ ला काय झालं? राजापूरचे खासदार मधु दंडवते आणीबाणीत तुरुंगात होते. निवडणूक जिंकून ते थेट रेल्वेमंत्री झाले. इंदिरा गांधी रायबरेलीतच हरल्या आणि पायउतार झाल्या. लष्कर बराकीत राहिलं, हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. तीन वर्षांनी, जानेवारी १९८० मध्ये, त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या. दंडवते विरोधी बाकावर जाऊन बसले, राजापूरचेच खासदार म्हणून.