नाणेपरीक्षा : चांदीची जुनी नाणी

एखादे नाणे ज्या राजवटीचे, टांकसाळीचे आणि वर्षाचे म्हणून दाखवले जाते, ते खरोखर तेथले व तेव्हाचे आहे का, हे ठरवण्याची विद्या. पूर्वी नाणेपरीक्षा म्हणजे मुख्यतः धातूचा कस पाहणे. आज ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या नाण्यांबाबत तेवढ्याने भागत नाही, कारण चांदी अस्सल आणि नाणे बनावट असा प्रकार सर्रास आढळतो. लक्ष्मीपूजनासाठी सोनार घडवतात ते ‘राणीछाप’ रुपये याचे रोजचे उदाहरण. पूजेत त्यांना काही उणे नाही, पण जुना रुपया म्हणून ते विकणे ही फसवणूकच.

कौटिलीय अर्थशास्त्रात नाणी पाडून घेणारा लक्षणाध्यक्ष आणि चलनातील नाणी तपासणारा रूपदर्शक असे दोन स्वतंत्र अधिकारी सांगितले आहेत. मराठी मुलखात हे काम पोतदाराकडे असे. आडनावात तो हुद्दा अजून टिकून आहे. सराफ नाण्याचा नाद ऐकत, कसोटीवर रेघ ओढत आणि शंका आली तर नाण्यावर बारीक ठसा मारून आतला धातू पाहत. मोगल व मराठेशाही रुपयांवर असे सराफी ठसे वारंवार दिसतात. नवखा ग्राहक त्यांना खोट समजतो. वास्तविक ती नाणे बाजारात फिरल्याची खूण होय. ओतीव नकलेत हा ठसाही उतरतो, पण त्याचा तळ बोथट आणि कडा गोलसर राहते.

बनावट नाणी नाण्यांइतकीच जुनी असावीत. इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांच्या सुमारास सुरू झालेल्या आहत, म्हणजे चकतीवर ठोकून चिन्हे उमटवलेल्या, नाण्यांत (‘आहत’ हा शब्द पाणिनीच्या सूत्रातला) प्रमाण वजन ३२ रती, म्हणजे साधारण ३.३ ते ३.५ ग्रॅम, मानले जाते. त्यांत तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली काही नाणी सापडतात. ती त्या काळच्या खोटेपाड्यांची, असे काही अभ्यासक मानतात. तंगीच्या काळात राजसत्तेनेच ती काढली, असे इतरांचे मत आहे. दुसऱ्या मतासाठी अर्थशास्त्रातील रूप्यरूपाच्या, म्हणजे चांदीच्या नाण्याच्या, कृतीचा आधार घेता येईलसे वाटते, कारण तीत चौथा हिस्सा तांबे सांगितले आहे. पण ती मिश्रधातूची कृती आहे, मुलाम्याची नव्हे. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र ठसे सफाईदार असलेल्या नमुन्यांबाबत निर्णय राखून ठेवणे बरे. कसेही असले तरी अशी जुनी खोटी नाणी स्वतः पुरावस्तू ठरतात. आजच्या नकलांची गणना त्यांत करू नये.

पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांची परीक्षा लेखावरून बरीच पुढे जाते. दर्शनी बाजूस राजाच्या मस्तकामागे शकवर्षाचे ब्राह्मी अंक असतात; मागे तीन कमानींचा पर्वत, चंद्र, सूर्य आणि भोवती ‘राज्ञो महाक्षत्रपस…’ असा लेख, ज्यात बापाचे व मुलाचे नाव येते. बाप, मुलगा आणि वर्ष यांचा मेळ बसला नाही, तर संशय घ्यावा. मोगल रुपयावर हिजरी सन व जुलूसी (राज्यारोहणापासूनचे) वर्ष यांची अशीच सांगड पाहतात. येथे घाई मात्र नडते: शाह आलम दुसरा याच्या नावाचा ‘१९ सन’ सिक्का (रुपया) ईस्ट इंडिया कंपनीने पुढे कित्येक वर्षे त्याच जुलूसी वर्षाने पाडला. हाताने पाडलेल्या रुपयांत, मग ते मोगल असोत वा मराठ्यांचे अंकुशी (अंकुशाचे चिन्ह असलेले), ठसा चकतीहून मोठा असे. म्हणून लेख कडेला तुटतो. नजराण्याची नाणी सोडली, तर पूर्ण लेख बसलेले वाटोळे नाणे दुसऱ्यांदा पाहावे.

१८३५ ते १९३९ या काळातील ब्रिटिश रुपया १८० ग्रेन (११.६६ ग्रॅम) वजनाचा आणि १२ भागांत ११ भाग चांदीचा. तो दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवला की वजन सुमारे १.१३ ग्रॅमने घटले पाहिजे, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १०.३च्या आसपास येते. १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयाचे ते ९.५ च्या जवळ, तर चांदी नसलेल्या जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूचे ९ च्या खाली असते. १९३९चा रुपया दुर्मीळ. बनावटीही त्याच्याच फार. १९३८ मधल्या आठाचा खालचा डावा भाग खरवडून नऊ केला जातो. भिंगाखाली त्या अंकाभोवतीची जमीन शेजारच्या अंकांपेक्षा वेगळी, ओरखडलेली दिसते. वजन, कस, किनारीच्या उभ्या रेघा सगळे बरोबर असते, आणि खोटा असतो तो एक आकडा.

छायाचित्रावरून निर्णय देताना किनारीचे चित्र मागणे हे पहिले काम. ओतीव नाण्याच्या किनारीवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा राहतात. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतात. दोन विक्रेत्यांच्या नाण्यांवर एकाच जागी एकसारखा ओरखडा दिसला, तर ती एकाच साच्यातली, किंवा चित्र उसने आहे. काळपट थर पुरावा नव्हे. तो काही तासांत आणता येतो. दागिन्यासाठी लावलेली कडी काढून तिच्या जोडाचा डाग घासलेली नाणी खरी असतात, पण त्यांचे वजन चुकते.

काही वस्तूंना परीक्षा लागतच नाही. १८१८ सालची राम-हनुमानाची ‘ईस्ट इंडिया कंपनी’ नाणी कंपनीने कधी काढली नाहीत. शिवराई हे तांब्याचे नाणे असल्याने ‘चांदीची शिवराई’ हे वर्णनच विसंगत आहे.

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात व ती खासगीरीत्या निर्यात करता येत नाहीत. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपल्या नावाने शुल्क वा कमिशन मागितले जात असल्याबद्दल भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते.