निकाल कोणाच्या हाती? मुंबईच्या शाळा आणि मूल्यमापनाची दीडशे वर्षे

पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हे शब्द आता सवयीचे झाले आहेत. शिकवता शिकवता मूल कुठवर आलंय ते पाहायचं, ते आकारिक मूल्यमापन. सत्र संपल्यावर परीक्षा घेऊन गुण द्यायचे, ते संकलित. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने ही पद्धत राज्यभर लागू झाली. तिच्यामागचा प्रश्न मात्र मुंबई इलाख्यात फार आधीपासून विचारला जात होता. मुलाला तपासून जे कळतं, त्याचा उपयोग कोणी करायचा? वरून तपासायला येणाऱ्या साहेबांनी, की रोज शिकवणाऱ्या बाईंनी?

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. पुढच्या कित्येक पिढ्यांच्या शाळा या परीक्षेकडे तोंड करून चालल्या. प्राथमिक शाळांवर त्याहूनही कडक बंधन होतं. 1860 च्या दशकात खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत इलाख्यात आली. इंग्लंडमध्ये ती 1862 पासून सुरू झाली होती. इन्स्पेक्टर यायचे, मुलांना वाचायला, लिहायला आणि गणितं करायला लावायचे. जितकी मुलं पास, तितकी रक्कम. अशा व्यवस्थेत चुकलेलं उत्तर म्हणजे बुडालेले पैसे. मूल का चुकलं हे शोधत बसायला शिक्षकाला ना वेळ होता, ना त्यातून काही मिळणार होतं.

1882 च्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनात या पद्धतीचा उल्लेख आहे. अशिक्षित आणि गरीब वस्तीच्या भागाला ती मुळीच जुळणारी नाही, असं त्यांनी सांगितलं. तिथे स्वतःच्या बळावर शाळा काढून शिक्षकाचं पोट भरणार नाही, म्हणून सरकारी शाळाच हव्यात, हा त्यांचा मुद्दा. गुणांशी पैसा बांधला की ज्यांना शिक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे तेच आधी बाहेर पडतात, हे त्यांनी इतक्या लवकर ओळखलं होतं. आजही कोणी शिक्षकांचा पगार निकालाला जोडायची भाषा केली, की मला हे निवेदन आठवतं. निकालावरचं अनुदान पुढे व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, 1904 च्या शैक्षणिक ठरावाने बंद झालं. परीक्षेचा दबदबा तसाच राहिला.

स्वातंत्र्यानंतर 1952-53 च्या मुदलियार माध्यमिक शिक्षण आयोगाने बाह्य परीक्षेवरचा भर कमी करून शाळेतल्या चाचण्यांना आणि मुलाच्या वर्षभराच्या नोंदींना किंमत द्यावी असं सुचवलं. 1957 च्या सुमारास अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात आले, त्यांनी मूल्यमापनावर कार्यशाळा घेतल्या, आणि 1958 मध्ये दिल्लीला केंद्रीय परीक्षा विभाग सुरू झाला. 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगाने तर स्पष्ट मांडलं, की मूल्यमापन ही सतत चालणारी, शिक्षणाच्या आतलीच प्रक्रिया आहे. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. त्यांनी 1948 मध्ये मुंबईतच भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली होती. म्हणजे हा विचार आपल्याला परदेशातून उशिरा मिळाला, असं म्हणणं खरं नाही.

आकारिक आणि संकलित असा भेद मात्र मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हेन यांनी 1967 मध्ये मांडला, तोही मुलांबद्दल नव्हे तर अभ्यासक्रमांच्या तपासणीबद्दल. ब्लूम यांनी तो मुलांच्या शिकण्याकडे वळवला. 1998 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी सुमारे 250 अभ्यासांचा आढावा घेतला. वर्गातल्या तपासणीवरून शिकवणं बदललं तर मुलांची, त्यातही मागे पडलेल्यांची, प्रगती लक्षणीय होते, हा त्याचा निष्कर्ष. त्याआधी 1988 मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये केलेला प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवा. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. गुण आणि शेरा एकत्र दिले तिथे शेऱ्याचा उपयोगच झाला नाही.

मुंबईतला सर्वांत बोलका धडा महापालिकेच्या शाळांमधून आला. 1995 मध्ये ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचं काम इथल्या वस्त्यांमध्ये सुरू झालं. तिसरी-चौथीतली कितीतरी मुलं साधा मजकूर वाचू शकत नाहीत, हे दिसल्यावर वस्तीतल्याच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून शाळेत आणलं गेलं. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून शिकवत. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या कामाचा प्रयोगपद्धतीने अभ्यास केला. मुलं पुढे गेली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला.

‘प्रथम’ने पुढे सगळीकडे वापरलेली वाचनाची तपासणी एका कागदावर मावते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल जिथे अडखळेल तिथला गट त्याचा. वय आणि इयत्ता बाजूला ठेवून त्याच पायरीपासून शिकवायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा वाचायला सांगायचं. इथे तपासणीनंतर लगेच काहीतरी घडतं. माझ्या मते तिची ताकद एवढ्यातच आहे.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. त्याने सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन सांगितलं आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात बसवायला मनाई केली. राज्याच्या निर्णयात पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 टक्के, सातवी-आठवीला 40 टक्के ठरला. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय अशी आठ साधनं दिली. मागे राहणाऱ्या मुलाला जादा मार्गदर्शन करावं, हेही सांगितलं.

कागदावर हे सगळं उत्तम होतं. पण महापालिकेच्या शाळा आठ भाषांमधून चालतात, आणि एका वर्गातल्या मुलांच्या घरच्या भाषाही वेगवेगळ्या असतात. अशा वर्गात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद वेळच्या वेळी करायला जी उसंत लागते ती कोणी दिली नाही. मग विषयवार तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली, पुढे त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘कवितागायनात रुची दाखवतो’ हे वाक्य असंख्य मुलांच्या नावापुढे उतरलं. नोंदवही वरून तपासली जाणार होती, म्हणून ती तपासणाऱ्यासाठी भरली गेली. दोष शिक्षकांचा कमी, मागणीचा जास्त. इन्स्पेक्टरच्या काळातही नेमकं हेच झालं होतं.

‘परीक्षाच नाही, म्हणून मुलं शिकत नाहीत’ ही तक्रार मग वाढत गेली. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास मुलाला जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही जमली नाही तर तोच वर्ग. 2010 मध्ये जे मार्गदर्शन वर्षभर मिळायचं होतं, ते आता निकाल लागल्यावर, दोन महिन्यांत उरकायचं आहे. जे मूल तिसरीत शब्दापाशी अडलं होतं, त्याच्यासाठी हे दोन महिने फार उशिरा येतात.